'बेवारस' ठरवलेल्या कबरींविषयी ख्रिस्ती मंडळीच्या विश्वस्तांना आणि ग्रामपंचायतीला खुले पत्र

आदरणीय विश्वस्त, पाळकसाहेब आणि पंचमंडळी, तसेच सरपंच आणि ग्रामपंचायतीचे सदस्य,

सर्वांना प्रभू येशूच्या नावाने सलाम आणि नमस्कार.

गेल्या महिन्यात रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या फलकावर एक सूचना लागली आणि त्याच संध्याकाळी माझ्या मावसभावाने तिचे छायाचित्र मला पुण्यात पाठवले. दफनभूमीच्या जुन्या भागातील ज्या कबरींचे वारस तीस दिवसांच्या आत लेखी पुराव्यासह पुढे येणार नाहीत, त्या बेवारस समजून सपाट करण्यात येतील, त्यांच्यावरील शिळा कुंपणाच्या भिंतीला टेकवून ठेवण्यात येतील आणि मोकळ्या होणाऱ्या जागेवर सभागृह व वाहनतळ उभारून ते चालवण्यासाठी दीर्घ मुदतीने देण्याचा विचार केला जाईल, असे त्या सूचनेत म्हटले आहे. सूचनेवर सही आहे, शिक्का आहे, ठरावाचा क्रमांक मात्र नाही. त्यानंतर मी आपल्याला दोन पत्रे पाठवली. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर एकाचेही आले नाही. म्हणून हे तिसरे पत्र मी सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. गावाचे आणि चर्चचे नाव मी त्यात घातलेले नाही. ज्यांना ते कळायला हवे त्यांना ते ठाऊक आहे, आणि पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू पट्ट्यात अशी अवस्था झालेली दफनभूमी ही एकटीच आहे असेही मला वाटत नाही.

या जागेशी माझा संबंध काय, ते आधी सांगते. माझी पणजी तिथे निजली आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळात ती सात-आठ वर्षांची असताना कोणीतरी तिला मिशनच्या बोर्डिंगात आणून सोडले. आपण कुठल्या गावच्या, हे तिला म्हातारपणीही नीट सांगता येत नसे. एक विहीर, एक चिंच आणि आईच्या लुगड्याचा रंग एवढेच तिला आठवे. ती बोर्डिंगात शिकली, पुढे बायबलबाई झाली, आणि वाडीवस्तीवर पायी फिरून बायकांना अक्षरओळख करून देण्यात तिचे आयुष्य गेले. तिच्या कबरीवर काळ्या दगडाची घडीव शिळा आहे, तिची पतवंडे हयात आहेत आणि नात्याचे कागद माझ्या कपाटात आहेत. आपल्या सूचनेप्रमाणे पाहिले तर तिच्या कबरीला काहीही धोका नाही. मी अर्ज केला की ती राहील. हे पत्र मी तिच्या कबरीसाठी लिहीत नाही. तिच्या डाव्या हाताला जी ओळ आहे, तिच्यासाठी लिहीत आहे.

ती ओळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली असेल, पण ती कबरींची ओळ आहे हे कदाचित लक्षात आले नसेल. हातभर लांबीचे, जमिनीशी जवळजवळ सपाट झालेले उंचवटे, आणि प्रत्येकाच्या उशाशी नदीतून आणलेला एकेक गोटा. त्यावर नाव नाही, साल नाही, क्रूसही नाही. माझ्या पणजीबरोबर त्या वर्षी बोर्डिंगात आलेल्या आणि तिथल्या पहिल्या दोन पावसाळ्यांत गेलेल्या मुलींच्या त्या कबरी आहेत. उपासमारीने खंगलेल्या लेकरांना पुढे अन्न मिळाले तरी ते नेहमीच पचत नसे; हगवण लागे, ताप येई, आणि दुष्काळातून वाचलेले मूल धान्याच्या कोठाराशेजारी मरे. त्या वर्षांत अनाथालये चालवणाऱ्या सगळ्यांनाच हे दुःख पाहावे लागले.

मी लहान असताना ईस्टरच्या आदल्या शनिवारी आजी मला घेऊन दफनभूमीत जात असे. तिच्या एका हातात भिजवलेल्या चुन्याची बादली असे आणि दुसऱ्या हातात कुंचला. ती आधी त्या ओळीतला एकेक गोटा पांढरा करी आणि आपल्या आईची कबर शेवटी घेई. मी एकदा विचारले, की आपली कबर आधी का नाही. ती म्हणाली, "तिला आपण आहोत. ह्यांना कोण आहे?" गोट्याला चुना लावताना ती त्या मुलीचे नाव घेई. ही नावे तिला तिच्या आईने पाठ करून दिली होती. मी सातवीत असताना ती माझ्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर उतरवून घेतली, ओळीतल्या क्रमाने. ती वही अजून माझ्याजवळ आहे.

आता आपल्या सूचनेतला 'वारस' हा शब्द या ओळीसमोर ठेवून वाचा. या मुलींचे कोणीही उरले नव्हते, म्हणूनच तर त्या इथे आल्या. त्यांना जेवू घातले ते मंडळीने, शिकवले ते मंडळीने, आणि त्यांच्या पेट्या खांद्यावर वाहिल्या त्याही मंडळीतल्याच पुरुषांनी. ज्यांना तेव्हा मंडळीने आपली लेकरे म्हटले, त्यांच्या नात्याचा पुरावा आज तीच मंडळी तिऱ्हाइताकडे मागत आहे. या कबरींना वारस आहे. तो वारस म्हणजे आपण, विश्वस्त आणि मंडळी. तीस दिवसांत पुढे यायचे असेल, तर ते आपल्यालाच यायचे आहे.

वारसाशिवाय कबर टिकत नाही, असे कोणाला वाटत असेल तर त्यांनी आपल्याच जिल्ह्यात, घोडनदीकाठी शिरूरला जाऊन यावे. तिथे कंपनी सरकारच्या जुन्या छावणीतला कर्नल वॉलेस पुरलेला आहे. तो १८०९ साली वारला. मागे त्याची कबर पाहायला त्याच्या नात्यातले कोणी शिरुरात राहिले नव्हते. पण आसपासच्या गावकऱ्यांनी त्याला सत्पुरुष मानले आणि पीक घरात आले की पहिल्या धान्याचा नैवेद्य ते त्याच्या थडग्याला दाखवू लागले; पुणे जिल्ह्याच्या १८८५ सालच्या गॅझेटियरमध्येही याची नोंद आहे. ज्यांचा देश निराळा, धर्म निराळा, भाषा निराळी, अशा माणसांनी एका परक्याची कबर आपली म्हणून सांभाळली. आपल्या मुली तर इथल्याच होत्या आणि इथल्याच मातीत गेल्या.

दौंड तालुक्यातले केडगाव तर आपल्याला आणखी जवळचे. पंडिता रमाबाईंनी १८९७ साली मध्य प्रांतातून आणि १९०० साली गुजरातेतून दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली तिथे आणल्या. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील १८७४ साली अन्नान्न दशेत गेले होते, त्यामुळे भुकेने मेलेल्या माणसाच्या मागे कोणी उरत नाही म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. १९२२ साली त्या वारल्या आणि केडगावलाच त्यांना पुरले. त्याच वर्षांत, त्याच दुष्काळात, आपल्या छोट्या मंडळीने आपल्या कुवतीप्रमाणे तेच काम केले. त्या कामाची दुसरी कोणतीही खूण आज गावात नाही. बोर्डिंगची कौले गेली, मग भिंती गेल्या. ही ओळ तेवढी राहिली आहे.

जुन्या भागात बाकी काय आहे, हेही थोडे सांगायला हवे, कारण सूचनेत त्याला 'पडीक भाग' म्हटले आहे. मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवली, त्यामुळे माझे डोळे आधी अक्षरांकडे जातात. त्या शिळांवरची भाषा १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांच्या आधीची आहे. 'येथें', 'ख्रिस्ताच्या ठायीं निजलीं' असे सगळे अनुस्वार पाथरवटाने टाकीने एकेक करून कोरले आहेत. एका शिळेवर 'पुनरुत्थान' या शब्दातला 'रु' सुटला होता, तो मागाहून दोन अक्षरांच्या मध्ये वर बसवलेला दिसतो. मरणाच्या तारखा क्रमाने पाहत गेले तर गावाचा इतिहास समोर येतो. १९१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात एकाच घराण्याच्या तीन शिळा आहेत. त्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या, साथीच्या, ज्या साथीने त्या एका शरदात घरेच्या घरे रिकामी केली. उपदेशक आहेत, शाळामास्तर आहेत, दाई आहे, बोर्डिंगची स्वयंपाकीण आहे. गावाच्या स्मशानात ज्यांना जागा मिळत नव्हती त्या पहिल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ओढ्यातले दगड डोक्यावर वाहून आणून कुंपणाची ताल रचली, असे आमच्या घरात सांगत आले आहेत, आणि त्या तालीचा एक कोपरा अजून जसाच्या तसा उभा आहे. हा पडीक भाग नाही. मंडळीचा सगळ्यात जुना लेखी पुरावा तो आहे, आणि तो दगडावर लिहिलेला आहे.

आता माझी गाऱ्हाणी मांडते.

पहिले, हा निर्णय मंडळीपुढे आला नाही. सर्वसाधारण सभा झाल्याचे मला कोणी सांगू शकले नाही आणि ठरावाची प्रत मागितली तर मिळाली नाही. जुन्या घराण्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे नोकरीधंद्यासाठी पुण्यात, पिंपरीत, मुंबईत आहेत. फलकावर लावलेला कागद तीस दिवसांत त्यांच्यापर्यंत कसा पोचणार होता? माझा मावसभाऊ त्या रविवारी आजारी असता तर मलाही हे कळले नसते.

दुसरे गाऱ्हाणे अधिक गंभीर आहे. आपण लेखी पुरावा मागता. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा आजचा कायदा १९६९ सालचा आहे. त्याआधीच्या, त्यातही खेड्यातल्या आणि त्यातही अनाथ मुलांच्या मरणाचा दाखला एखाद्या कुटुंबाकडे असणे जवळजवळ अशक्य आहे. असा पुरावा एकाच ठिकाणी असू शकतो, तो म्हणजे चर्चच्या दफनाच्या नोंदवहीत. ती नोंदवही मी स्वतः पाहिली आहे. लाल कापडी बांधणीची, पाने कडांना पिवळी पडलेली, आणि आत नाव, वय, मृत्यूचा दिवस, दफनाचा दिवस, कारण आणि पाळकाची सही असे रकाने. काही वर्षांपूर्वी तेव्हाच्या पाळकांनी मला ती एका दुपारी चाळू दिली होती आणि माझ्या वहीतली काही नावे मला तिच्यात सापडली होती. वेळ कमी होता, सगळी पाने पाहून झाली नाहीत. यंदा विचारले तेव्हा "ती सापडत नाही" असे तोंडी उत्तर मिळाले. जो पुरावा आपल्या ताब्यात होता तो आपल्याकडून हरवला असेल, तर त्याची शिक्षा कबरींना देता येणार नाही.

तिसरे गाऱ्हाणे देखभालीचे, आणि यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण 'देखभाल परवडत नाही' हे कारण सूचनेत दिले आहे. गेल्या काही वर्षांत या दफनभूमीचे जे नुकसान झाले ते दुर्लक्षाने जितके झाले तितकेच चुकीच्या कामाने झाले. घाणेरी, वेडी बाभूळ आणि १९५० च्या दशकात आपल्या पुण्यातच पहिल्यांदा नोंदले गेलेले गाजरगवत, या तिघांनी जुना भाग व्यापला आहे, हे खरे. पण दोन वर्षांपूर्वी ते काढायला माणसांऐवजी जेसीबी लावला गेला, आणि त्याच्या दातांनी झुडपांबरोबर दोन चौथरे उखडले, एक शिळा मधोमध फुटली. गाजरगवत फुलावर येण्याआधी, पहिल्या पावसानंतर, ओल्या मातीतून मुळासकट उपटले तर दोन-तीन हंगामांत आटोक्यात येते. खुरपे आणि हातमोजे एवढेच त्याला लागते. कबरीच्या सांध्यात रुजलेला पिंपळ उपटायचा नसतो, कारण मुळांबरोबर दगडही सुटून येतो. तो बुंध्याशी कापायचा आणि पुन्हा फुटला की पुन्हा कापायचा, असे करत त्याला थकवायचे.

त्याहून वाईट सिमेंटचे झाले. चुन्यात बांधलेल्या चौथऱ्यांच्या भेगा सिमेंटने भरल्या गेल्या आणि तीन-चार शिळांवर निळा तैलरंग मारला गेला. ज्यांनी हे केले त्यांनी ते चांगल्या मनाने केले, याविषयी मला शंका नाही. पण चुन्याचे जुने बांधकाम जमिनीतली ओल वर ओढते आणि सांध्यांतून बाहेर सोडते. सांधे सिमेंटने बंद केले की ती ओल दगडातच अडकते, तिच्याबरोबर आलेले क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साचतात, आणि काही उन्हाळ्यांत दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. पापुद्र्याबरोबर अक्षरे जातात. सांधे चुन्यानेच भरावे लागतात. शिळा धुवायला ॲसिड, तारेचा ब्रश किंवा पाण्याचा जोरदार फवारा चालत नाही. साधे पाणी, मऊ ब्रश आणि धीर पुरतो. झिजलेली अक्षरे वाचायला खडू घासावा लागत नाही, सकाळी सातच्या किंवा संध्याकाळी साडेपाचच्या तिरप्या उन्हात ती आपोआप उठून दिसतात. यातले काहीही महाग नाही. महाग होते ते यंत्राचे भाडे आणि सिमेंटच्या गोण्या.

चौथे गाऱ्हाणे जागेच्या व्यवहाराचे. सभागृह बांधून ते दीर्घ मुदतीने चालवायला द्यायचे, असे सूचनेत सुचवलेले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे विश्वस्त संस्थेची बिगरशेती स्थावर मालमत्ता तीन वर्षांहून अधिक काळासाठी भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती मागितली आहे काय, आणि मागितली असेल तर अर्जात त्या जागेचे वर्णन 'मोकळी जमीन' असे केले आहे की 'दफनभूमी' असे, हे मंडळीला कळले पाहिजे. दुसरे, लोकांच्या भावना दुखावतील हे ठाऊक असताना दफनाच्या जागेत शिरून तिची विटंबना करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे. मला कोणावरही पोलीस घालायचे नाहीत; माझ्या आजोबांच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसांची मुले आज पंच आहेत. पण कायद्यात काय आहे हे आपल्याला सांगितले गेले नव्हते, असे उद्या म्हणावे लागू नये, म्हणून हे इथे लिहून ठेवते.

ग्रामपंचायतीकडे माझे म्हणणे थोडक्यात आहे. वस्तीतले गटाराचे पाणी दफनभूमीच्या खालच्या कोपऱ्यात सोडले गेले आहे आणि पावसाळ्यात त्या भागातल्या कबरी खचतात. दरवाजाबाहेर गावाचा कचरा टाकला जातो. येण्याच्या वाटेवर अतिक्रमण होऊन आता पेटी नेणारी चार माणसे शेजारी शेजारी चालू शकत नाहीत. दहन आणि दफनाच्या जागांची व्यवस्था ही महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे ग्रामपंचायतीच्या कामांत मोडते, आणि त्यात कोणत्या धर्माचे मृत यावर फरक केलेला नाही. गावाच्या स्मशानभूमीत शेड झाले, पाण्याची टाकी झाली, दिवे लागले, याचा मला आनंद आहे. तेवढीच काळजी आमच्याही मृतांना मिळावी.

आपली अडचण मला समजत नाही असे नाही. नव्या दफनांसाठी जागा कमी पडते आहे. पुणे शहरात तर ती फारच कमी पडते आणि एकाच कुटुंबाची कबर काही वर्षांनी पुन्हा उघडून वापरण्याचा रिवाज आता सर्वत्र रूढ झाला आहे. त्याला माझा विरोध नाही. माझ्या मागे मला पणजीच्या कबरीत ठेवायला माझ्या मुलांची आजच लेखी संमती आहे, आणि इतरही घराणी अशी संमती देतील. नव्या भागाच्या पश्चिमेला मुरमाड म्हणून सोडलेला जो तुकडा आहे, तिथे भराव घालून दफने करता येतील काय, हेही अजून कोणी तपासलेले नाही. जागेची गरज खरी आहे. पण सूचनेत जी जागा मोकळी करायची आहे ती दफनांसाठी नव्हे, सभागृहासाठी आणि गाड्यांसाठी आहे, आणि म्हणून जागेच्या टंचाईचे कारण तिला लागू पडत नाही.

पुण्यातल्या खडकीच्या युद्ध दफनभूमीचा दाखला इथे द्यावासा वाटतो. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ राष्ट्रकुल सैनिकांच्या कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात ज्या ज्या ठिकाणी कायमच्या देखभालीची खात्री देता येत नव्हती, तिथल्या कबरींसाठी ही जागा तयार केली गेली. त्याच आवारात पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात मेलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावे कोरलेले स्मारक आहे. त्यांच्या मूळ कबरी सांभाळणे शक्य राहिले नव्हते, म्हणून निदान नावे एका जागी कोरली गेली. कबर सोडून देण्याची वेळ आली तेव्हाही त्यांनी आधी नाव उतरवून घेतले, ते तपासले, आणि मगच कबर मागे टाकली. त्या सैनिकांच्या कबरी सांभाळायला एक आयोग होता. भारतातल्या जुन्या युरोपीय कबरींची नोंद ठेवणारी संस्थाही इंग्लंडात आहे. खेड्यातल्या मराठी ख्रिस्ती दाईची, मास्तराची आणि अनाथ मुलीची कबर मात्र यांतल्या कोणाच्याच यादीत बसत नाही. तिला मंडळीवाचून कोणी नाही, आणि म्हणून मंडळीने पहिले पाऊल सपाटीकरणाचे टाकावे याचे मला इतके दुःख झाले.

माझ्या मागण्या अशा आहेत. तीस दिवसांची सूचना लेखी मागे घ्यावी आणि जुन्या भागातली कोणतीही कबर वारस नाही या कारणावरून सपाट केली जाणार नाही, असा ठराव सर्वसाधारण सभेत करावा. कुटुंबातून पुढे कोणी नसलेल्या प्रत्येक कबरीपुढे वारस म्हणून मंडळीचे नाव लिहावे. दफनाची नोंदवही शोधावी. ती सापडली की मंडळीतल्या दोन माणसांसमोर तिच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे आणि त्याची एक प्रत पुण्यात सुरक्षित ठेवावी. भूमी अभिलेख कार्यालयाकडून जागेची मोजणी करून हद्दीचे दगड रोवावेत, म्हणजे वाटेचा आणि अतिक्रमणाचा प्रश्नही कागदावर येईल. मोजणीचे शुल्क आम्ही पुण्यात राहणारी कुटुंबे भरू, तसे अकरा घरांनी मला कळवले आहे. जुन्या भागाचा एक नकाशा करावा, प्रत्येक कबरीला क्रमांक द्यावा, आणि जिथे शिळा आहे तिथला मजकूर जुन्या शुद्धलेखनासकट जसाच्या तसा उतरवावा. हे काम मी आणि माझे काही जुने विद्यार्थी विनामूल्य करू. तोपर्यंत तिथे यंत्र लावू नये, सिमेंट आणि रंग वापरू नये. सभागृहाच्या जागेविषयी धर्मादाय आयुक्तांकडे काही अर्ज गेला असेल, तर त्याची प्रत मंडळीच्या फलकावर लावावी. ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वी गटाराचे पाणी वळवावे आणि वाट मोकळी करावी.

यांतली एकही मागणी आपल्या अधिकाराबाहेरची नाही.

नोंदवही सापडली नाही, तरी काम थांबू नये. ओळीतले गोटे अजून आहेत, आणि माझ्या वहीतली नावे त्याच क्रमाने आहेत. आपण दिवस ठरवा, शक्यतो सकाळचा, उजेड तिरपा असताना. मी पहिल्या एसटीने येईन, वही बरोबर आणीन. आपल्यापैकी कोणीतरी नोंदवही घेऊन यावे, आणि आपण पणजीच्या कबरीपासून डावीकडे, पहिल्या गोट्यापाशी उभे राहून सुरुवात करू.

आपल्याच मंडळीतील,
बायबलबाईची एक पणती,
पुणे